रेघेला लागलेला हात

“ह्या रेघेला हात कुणी लावला?”

सकाळी साडेआठला शाळेच्या फाटकातून आत शिरलो, मान वर करून डावा डोळा मिटला आणि पहिलं वाक्य हेच बाहेर पडलं. म्हालिंग परांचीखाली उकिडवा बसून रंगाचे डबे उघडत होता. त्यानं वर बघितलंसुद्धा नाही.

“कुठल्या रेघेला, अण्णा?”

“किती रेघा आहेत तिथं? शिरोरेघ! काल दुपारी जेवायला जाताना सरळसोट ओढून गेलो मी. आज बघ, मधेच पोट आलंय तिला. गाभण म्हशीसारखं.”

“मला तर सरळ दिसतीय.”

“तुला दिसणारच.”

ह्यावर तो डब्यातला रंग काडीनं ढवळत बसला. आणि गप्प बसणाऱ्या माणसाचा मला पहिल्यापासून संशय येतो. भांडणारा माणूस परवडला, त्याच्या पोटात काय आहे ते निदान ओठावर येतं.

ही गोष्ट सोळा वर्षांपूर्वीची. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. भानुदास पेंटर म्हटलं की बार्शीत पत्ता विचारावा लागत नसे. किराणा दुकानांपासून मंगल कार्यालयांपर्यंत निम्म्या गावाच्या पाट्या माझ्या हातच्या. म्हालिंग कोरे सत्तावीस वर्षं माझ्याबरोबर होता. कामाला आला, मग हाताखालचा झाला आणि शेवटी भागीदार. रंग तो भरायचा, सावल्या तो द्यायचा, पण आमच्याकडची एक रीत कधी मोडली नाही. अक्षरं सगळी आधी काढून घ्यायची, बिनडोक्याची, लोंबती. शिरोरेघ सगळ्यात शेवटी. ती मी ओढणार, आणि दोरी न मारता ओढणार. खडूची दोरी ताणून झटका दिला की भिंतीवर सरळ ओळ उठते, तिच्यावरून ब्रश कुणीही फिरवील. माझे वडील म्हणायचे, दोरीवरची रेघ दोरीची, हातावरची रेघ आपली. मी भिंतीच्या कडेला गाल लावायचा, डावा डोळा मिटायचा, उजव्या डोळ्यानं नेम धरायचा, ओठात विडी, आणि श्वास रोखून एका दमात रेघ. लोक उभे राहून बघायचे. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

आणि ह्याच रेघेला कुणीतरी हात लावत होतं. शाळेची ही तिसरी खेप. आधी डेअरीची पाटी, मग एका पतसंस्थेची. ओढताना रेघ झकास, दुसऱ्या दिवशी बघावं तर वाकडी. एकदा झालं तर माणूस म्हणतो, आपली चूक. तीनदा झालं तर चूक कसली?

त्यातच गावात फ्लेक्सची दुकानं निघाली होती. जी पाटी करायला आम्हाला चार दिवस लागायचे ती मशीन तासाभरात ओकायचं. एस. टी. स्टँडजवळच्या फ्लेक्सवाल्याच्या दुकानातून म्हालिंगला बाहेर पडताना मी स्वतः दोनदा पाहिलं होतं. विचारलं तर म्हणाला, “सहज गेलतो.” सत्तावीस वर्षांत हा माणूस सहज कुठं गेल्याचं मला आठवत नाही.

दुपारी जेवायला घरी गेलो तेव्हा मी सिंधूला सगळं सांगितलं. सिंधू म्हणजे माझी बायको. ती माझं ऐकते, पण मानत नाही.

“त्यांना काय मिळणार तुमची रेघ वाकडी करून?”

“माझं नाव जाणार. म्हातारा संपला म्हणतील लोक. मग हा फ्लेक्सवाल्याकडं चालला जाईल, वर म्हणेल, काय करू, अण्णांचा हात राहिला नाही.”

“आणि खांब? खांबही त्यांनीच वाकवला?”

आमच्या गल्लीच्या तोंडाशी विजेचा एक खांब होता. महिनाभर, जाता-येता त्याच्यावर नेम धरून, मी सगळ्यांना सांगत होतो की ट्रकनं धडक देऊन तो वाकवलाय, अंगावर पडेल एखाद्याच्या. वायरमनलाही बोलावून आणलं. तो खांबाकडं बघून माझ्याकडं बघत राहिला आणि काही न करता निघून गेला. सरकारी माणसं, दुसरं काय करणार!

“खांबाचं मधे कशाला आणतेस?”

“कारण काल तुम्ही चहा बशीत ओतायचा तो मांडीवर ओतलात. एकदा डोळे दाखवून या.”

“हे तुला म्हालिंगनं शिकवलं ना?”

कारण म्हालिंगही दोनदा हेच म्हणाला होता. अण्णा, सोलापूरला जाऊन डोळे तपासून येऊ. दुसऱ्या वेळेला मी त्याला चांगलाच झापला होता. माझी जागा हवीय तर तोंडानं माग, असं वेडंवाकडं नको म्हणून. त्यानंतर त्यानं तो विषय काढला नव्हता.

सिंधू ताटात मेथीची भाजी वाढायला लागली. मी ती नेहमीप्रमाणं कडेला सारली. पालेभाजी म्हणजे शेरडाचं खाणं, असं माझं मत होतं. मला चपाती, झणझणीत रस्सा आणि वर दोन विड्या एवढं लागायचं. निघताना तिनं टोपी पुढं केली. चुन्यानं पांढऱ्या झालेल्या भिंतीसमोर बार्शीच्या उन्हात चाळीस वर्षं मी उघड्या डोक्यानं काम केलं होतं. म्हटलं, “बाशिंगही बांध की, नवरदेव होतो.”

त्या संध्याकाळी मी रेघ परत ओढली. आधीची पांढऱ्यानं पुसली, वाळू दिली, आणि सगळं कसब पणाला लावून नवी ओढली. सोळा फूट. खाली उतरून, मागं जाऊन, डावा डोळा मिटून बघितली. सरळ. मुख्याध्यापिका मुळेबाई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांना म्हटलं, “बाई, बघून ठेवा. उद्या वाकडी दिसली तर कुणाचं काम ते मी दाखवतो.” बाईंनी वर बघितलं, काही बोलायला तोंड उघडलं, आणि मिटलं. मला वाटलं, आश्चर्य वाटलं असेल.

आता रेघ बदलायला म्हालिंगला वेळ कधी मिळतो, एवढंच शोधायचं होतं. मी दुपारी जेवायला घरी जायचो, तो भाकरी बांधून आणायचा आणि तिथंच खायचा. म्हणजे तोच तास. दुसऱ्या दिवशी सकाळी रेघ सरळच होती. दुपारी मी ठरल्या वेळेला निघालो, फाटकाबाहेर पडलो, मागच्या बाजूनं परत आत आलो आणि समोरच्या चित्रकलेच्या वर्गात खिडकीआड उभा राहिलो. चित्रकलेच्या बाईंना सांगितलं, ऊन लागलंय, जरा टेकतो. एक विडी ओढून झाली, दुसरी शिलगावली. खरं सांगायचं तर मजा येत होती.

म्हालिंगनं भाकरीचं फडकं सोडलंच नाही. फाटकाकडं एकदा बघितलं आणि तो सरसर परांचीवर चढला. कनवटीची दोरी काढली. एक टोक भिंतीतल्या खिळ्याला अडकवलं, दुसरं हातानं ताणलं आणि झटका दिला. दोरी! माझ्या रेघेवर दोरी! मग एका हातात पांढरा, एका हातात निळा, आणि माझ्या रेघेवरून त्याचा ब्रश फिरायला लागला.

मी कसा धावलो मला आठवत नाही. मधली सुट्टी झाली होती, पोरी डबे घेऊन बाहेर आल्या होत्या.

“उतर खाली! हरामखोरा, उतर!”

म्हालिंग तसाच थांबला. ब्रशातून निळा थेंब त्याच्या पायावर पडला.

“सत्तावीस वर्षं मांडीला मांडी लावून जेवलास आणि माझ्याच अन्नात माती कालवतोस? बाई! मुळेबाई, बाहेर या! बघा चोर!”

मुळेबाई वरच्या सज्जात आल्या. पाटी सज्जाच्या कठड्यावरच होती, त्यामुळं त्या अगदी अक्षरांच्या वर उभ्या राहिल्या.

“काय झालं, पेंटर?”

“विचारा ह्याला! माझी रेघ रोज कोण वाकडी करतं ते विचारा!”

“म्हालिंग, तुम्ही रेघ बदलली?”

“हो बाई. बदलली.”

“ऐकलंत?” मी म्हटलं.

“का बदलली?”

म्हालिंग माझ्याकडं बघत राहिला. आज कळतं की तेव्हासुद्धा, सगळ्या शाळेदेखत चोर म्हणवून घेतानासुद्धा, तो तोंड उघडेना. मला तेव्हा वाटलं, सापडला म्हणून दातखीळ बसली.

मुळेबाई समजूतदार होत्या. म्हणाल्या, “भांडू नका. दोरी आहेच. लावून बघू, कुणाची रेघ सरळ ते कळेल.”

“लावा! आत्ता लावा!” मी परांचीवर चढलो.

अर्ध्या रेघेवरून म्हालिंगचा हात फिरून झाला होता. त्यानं दोरी तिच्यावर धरली. मी भिंतीला गाल लावला, डावा डोळा मिटला आणि बघितलं.

“ढिली धरलीस. ताण.”

“ताणलीय, अण्णा.”

“अजून ताण! मधे पोट दिसतंय मला, आंधळा समजतोस का?”

त्यानं ताणली. पोट होतं तसंच. खाली दोन पोरी फिसकन हसल्या आणि कुणीतरी त्यांना गप्प केलं.

“हा मुद्दाम करतोय, बाई. तुम्ही धरा टोक.”

मुळेबाई कठड्यावरून वाकल्या, म्हालिंगच्या हातातलं टोक त्यांनी घेतलं आणि जोर लावून ताणलं. दोरी अशी करकरली की आता तुटते. आणि तरी माझ्या डोळ्यासमोर ती मधोमध खाली ओघळलेली. त्या ओघळात धुरकट डागही होता, पण डाग मला महिन्याभरापासून दिसायचा. विडीचा धूर डोळ्यात जातो असं मी धरून चाललो होतो.

“बाई,” मी म्हटलं, “तुम्हीपण ह्याच्यात सामील का?”

हे वाक्य मी खरंच बोललो. आजही आठवलं की अंगावर काटा येतो.

बाई चिडल्या नाहीत. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्याकडं बघितलं, आणि त्या नजरेत कीव होती. मग मी म्हालिंगकडं बघितलं. तो मान फिरवून भिंतीकडं बघत होता. परांचीवर, सज्जात, मैदानात, सगळ्या शाळेला काहीतरी माहीत होतं आणि मला एकट्याला नव्हतं.

मी अंगठा दोरीवर ठेवला. का ठेवला कुणास ठाऊक, चाळीस वर्षांची हाताची सवय. दोरी ताठ होती. अंगठा तसाच पुढं सरकवत गेलो. डोळा म्हणत होता, इथून खाली उतरतेय. अंगठा म्हणत होता, कुठंही उतरत नाही. दोरी आणि म्हालिंगची रेघ अंगठ्याखाली केसाचाही फरक न पडता बरोबर चालली होती. आणि जिथं त्याचं काम संपून माझं सुरू झालं, तिथं दोरी एकीकडं गेली आणि माझी निळी रेघ दोन बोटं वर.

मी खाली बसलो, परांचीवरच.

म्हालिंगनं उरलेली रेघ पुरी केली. ब्रश धुतले, भाकरीचं फडकं न सोडताच पिशवीत टाकलं, बाईंना नमस्कार केला आणि गेला. माझ्याकडं त्यानं बघितलं नाही, आणि बघावं तरी कशाला?

दुसऱ्या दिवशी सिंधू मला सोलापूरला घेऊन गेली. डोळ्यांच्या डॉक्टर तरुण बाई होत्या, ढगे नावाच्या. तपासण्या झाल्या आणि त्यांनी माझ्या हातात चौकटींचा एक कागद दिला, पोरांच्या गणिताच्या वहीसारखा. मधे काळा ठिपका. डावा डोळा हातानं झाकायला लावला.

“ठिपक्याकडं बघा. रेघा कशा दिसतात?”

“कुणी छापलाय हा? मधल्या रेघा सगळ्या वाकड्या. ठिपका कुठंय?”

“आता उजवा झाका.”

उजवा झाकला. चौकटी सरळ झाल्या. सुबक, आखीव, माझ्या वडिलांनी आखल्यासारख्या.

“कागद बदललात तुम्ही.”

“हातात तुमच्याच आहे, काका.”

मी कागद उलटा केला, सुलटा केला. एक डोळा मिटला, दुसरा मिटला. पाच-सहा वेळा. बाईंनी मला हवा तेवढा वेळ बघू दिलं. नेम धरायला मी आयुष्यभर उजवा डोळा वापरला होता, आणि तोच गेला होता. दोन्ही उघडे असले की डावा सांभाळून घ्यायचा, म्हणून रोजच्या चालण्याबोलण्यात कळलं नाही.

“विडी ओढता?”

“ओढतो.”

“किती?”

“एक बंडल.”

“दोन,” सिंधू म्हणाली.

बाईंनी समजावून सांगितलं. डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग, ज्यानं आपण बारीक बघतो, तो वयाबरोबर झिजतो. सगळ्यांचा झिजत नाही, पण विडी-सिगारेट ओढणाऱ्यांचा जास्त झिजतो आणि लवकर. उजव्या डोळ्यात आतून रक्त उतरून व्रण झालाय, त्याची नजर परत येणार नाही. डाव्यातही सुरुवातीचे डाग आहेत. “तो टिकवायचा असेल तर विडी आजच बंद. एक सुद्धा नाही. जेवणात हिरव्या पालेभाज्या, मासे खात असाल तर मासे. उन्हात टोपी आणि चष्मा. आणि हा कागद रोज बघायचा, एकेका डोळ्यानं. रेघ वाकली की त्याच दिवशी यायचं.”

“हे आधी कळलं असतं तर?” सिंधूनं विचारलं.

“वर्षभर आधी आला असतात तर डोळ्यात इंजेक्शनं देऊन बरीच नजर वाचवता आली असती,” बाई म्हणाल्या. “घरात, कामावर, कुणाच्याच लक्षात आलं नाही का?”

मी खाली मान घातली. बाहेर आल्यावर खिशातलं बंडल काढून गटारात टाकलं. सिंधू माझ्याकडं बघत राहिली. तिला वाटलं असेल, उद्या नवीन आणेल. पण नाही आणलं. पंधरा दिवस मी घरात ज्याच्या-त्याच्या अंगावर जात होतो, पण नाही आणलं.

त्याच संध्याकाळी आम्ही दोघं म्हालिंगच्या घरी गेलो. तो ओट्यावर बसून चपलेला टाका घालत होता. मला बघून उठून उभा राहिला, सत्तावीस वर्षं राहायचा तसाच.

“सोलापूरला डोळे दाखवून आलो. चुकलं माझं,” मी म्हटलं. आयुष्यात हे दोन शब्द मी फार थोड्या वेळा बोललोय.

“बसा, अण्णा.”

“कधीपासून सरळ करतोयस?”

“डेअरीच्या पाटीपासनं. दीड वर्ष झालं.”

“आणि फ्लेक्सवाला?”

“त्याला विचारत होतो, अण्णांना बसून अक्षरं काढायचं काम देशील का म्हणून. परांचीवरनं पडला असता तुम्ही.”

“मला सांगितलं का नाहीस, गाढवा?”

“दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, माझी जागा हवीय तुला. तिसऱ्यांदा जीभ उचलली नाही. म्हटलं, तुमचं नाव तरी राहू दे, रेघ काय, मी करीन सरळ.” आणि मग त्यानं तेच विचारलं, ज्याची मला सोलापूरपासून भीती वाटत होती. “डॉक्टर काय म्हणाले? उशीर झाला का? मी आधीच तुम्हाला ओढत नेलं असतं तर डोळा वाचला असता का?”

त्याचं तोंड मला आजही दिसतं, डाव्या डोळ्यानं दिसलं ते.

“छट्,” मी म्हटलं. “वयाचा आजार. आधी गेलो असतो तरी तेच झालं असतं.”

“वहिनी, खरं?”

सिंधू जन्मात कधी खोटं बोलली नव्हती. तिनं पदर सारखा केला आणि म्हणाली, “खरं.”

तो एकदा तिच्याकडं, एकदा माझ्याकडं बघत राहिला. असं बघणं मला चांगलं ओळखता येतं, दीड वर्ष मी त्याच्याकडं असंच बघत होतो. पण शेवटी मान हलवून त्यानं मानलं, निदान मानल्यासारखं दाखवलं. मी त्याला चौकटींचा एक कागद दिला आणि दमच भरला. विडी सोड, माझी बघून लागलीय तुला, आणि रेघ वाकडी दिसली की त्याच दिवशी सोलापूर.

विडी त्यानं सोडली. कागद सोळा वर्षं भिंतीवर लावून ठेवला. आणि गेल्या महिन्यात, एकसष्टाव्या वर्षी, एका सकाळी त्याला रेघ वाकडी दिसली. त्याच दिवशी तो सोलापूरला गेला. डोळ्यात इंजेक्शन घेऊन परवा आला तो आधी माझ्याकडं, घरी न जाता. ओट्यावर बसला. पाणी दिलं, प्यायला नाही.

“डॉक्टर म्हणाले, वेळेत आलात. डोळा वाचंल.”

“बरं झालं. देव पावला.”

“म्हणजे वेळेत गेलं तर वाचतो, अण्णा.”

आत सिंधूच्या हातातलं भांडं वाजायचं थांबलं.

“तुम्ही मला काय सांगितलं होतं त्या दिवशी?”

“तुझं वेगळं, माझं वेगळं.”

“अण्णा.”

दुसऱ्यांदा खोटं बोलायला गेलो, पण जमलं नाही. तो ओट्यावर बसल्या जागी रडायला लागला. आमच्यात रडायची रीत नाही. मी त्याच्या शेजारी बसलो, खांद्यावर हात ठेवला.

“रड बाबा,” म्हटलं, “फक्त तो डोळा चोळू नकोस.”